पूर्वजांचा उच्चार : ‘अनुवाद’ २६ आणि बंगळूरमधील बायबल-चिकित्सा

बायबलच्या चिकित्सक अभ्यासाविषयी श्रद्धावान ख्रिस्ती वाचकाच्या मनात प्रायः दोन शंका असतात. संहितेची चिकित्सा सुरू झाली की श्रद्धेचा पाया खचतो, ही पहिली. आणि विद्वानांचे निष्कर्ष खरे मानले तरी प्रत्यक्ष जगण्याला त्यांचा काही उपयोग नाही, ही दुसरी. या शंकांचे निरसन तात्त्विक पातळीवर अनेकांनी केले आहे. परंतु भारतीय संदर्भात त्यांना मिळालेले अधिक ठोस उत्तर एका विशिष्ट वाचनातून आलेले दिसते. विसाव्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांत बंगळूरमध्ये आरंभ झालेल्या विचारप्रक्रियेतून हिब्रू संहितेतील पाच वचनांचे जे वाचन पुढे आले, त्याने एका समाजाला स्वतःचा पूर्वेतिहास श्रद्धेच्या भाषेत उच्चारण्याचे साधन दिले. या वाचनाचा पाया बायबल-चिकित्सेने घातला होता, आणि त्याच्या मर्यादाही तिनेच दाखवून दिल्या.

बंगळूर हे या घडामोडीचे ठिकाण ठरावे, हा केवळ योगायोग नव्हे. अनेक मिशनसंस्थांनी एकत्र येऊन १९१० साली येथे युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजची स्थापना केली. दक्षिणेतील वेगवेगळ्या भाषांचे विद्यार्थी एका वर्गात बसवायचे असल्यामुळे शिक्षणाची भाषा इंग्रजी ठरली. तरीही देशी भाषांचा संबंध तुटला नव्हता. सुरुवातीच्या काळातील प्राचार्य एल. पी. लार्सन पुढे तमिळ बायबलच्या पुनरीक्षणात गुंतले. १९५७ साली ‘ख्रिश्चन इन्स्टिट्यूट फॉर द स्टडी ऑफ रिलिजन अँड सोसायटी’ ही संस्था याच शहरात सुरू झाली आणि पी. डी. देवानंदन व एम. एम. थॉमस यांनी धर्म आणि समाजपरिवर्तन यांचा एकत्र विचार करण्याची सवय तेथे रुजवली. कॅथलिक परंपरेतील राष्ट्रीय बायबल, धर्मशिक्षण व उपासना केंद्र १९६७चे. बायबल सोसायटी ऑफ इंडियाचे मध्यवर्ती कार्यालयही बंगळूरलाच आहे. संहिता, भाषांतर आणि समाजचिंतन यांची इतकी दाट वस्ती असलेले दुसरे शहर भारतात सहजी सापडणार नाही.

याच महाविद्यालयातील केरी सोसायटीपुढे १९८१च्या एप्रिलमध्ये अरविंद पी. निर्मल (१९३६–१९९५) यांनी शूद्र ईश्वरविज्ञानाच्या दिशेने जाण्याची गरज मांडणारे व्याख्यान दिले. दलित ईश्वरविज्ञानाच्या इतिहासात या व्याख्यानाचा उल्लेख आरंभबिंदू म्हणून होतो. सोसायटीला ज्याचे नाव होते त्या विल्यम केरीने १८०५ साली मराठीचे व्याकरण छापले होते आणि १८११ साली नवा करार मराठीत आणला होता, हा तपशील जाता जाता नोंदवण्याजोगा. निर्मल यांचा आक्षेप दुहेरी होता. भारतीय ख्रिस्ती चिंतनाने वेदान्त आणि भक्ती यांच्याशी संवाद साधला, पण ज्या समाजांतून बहुसंख्य ख्रिस्ती आले त्यांच्या अनुभवाकडे पाठ फिरवली, हा पहिला. लॅटिन अमेरिकेतून आलेल्या मुक्तिवादी ईश्वरविज्ञानाने वर्ग पाहिला, जात पाहिली नाही, हा दुसरा. पहिल्या आक्षेपाच्या कक्षेत नारायण वामन टिळकांसारखा थोर मराठी कवीही येतो, आणि तो आक्षेप त्यांच्या काव्याची थोरवी कमी करत नाही.

व्याख्यानाचा काळ लक्षात घ्यावा. दलित पँथरची स्थापना १९७२ची, दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८चे, लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ १९८०चे. प्रथमपुरुषी निवेदन हे मराठी दलित साहित्याचे सर्वांत समर्थ हत्यार ठरत असतानाच ईश्वरविज्ञानासारख्या अवैयक्तिक ज्ञानशाखेत ‘माझा पूर्वज’ हा शब्दप्रयोग शिरला. तो ज्या वाटेने शिरला, ती वाट मात्र साहित्याची नव्हती, बायबलची होती.

‘अनुवाद’ या ग्रंथाच्या सव्विसाव्या अध्यायात शेतातील प्रथमफळे टोपलीत घालून याजकापुढे ठेवण्याचा विधी सांगितला आहे. टोपली ठेवताना शेतकऱ्याने एक ठरलेले निवेदन करायचे असते (वचने ५ ते ९). आपला पूर्वज अरामी होता, तो मोजक्या माणसांनिशी मिसर देशात उतरला, तेथे त्याचे मोठे राष्ट्र झाले, मिसऱ्यांनी आम्हांला छळले, आम्ही परमेश्वराचा धावा केला, त्याने आम्हांला बाहेर काढले आणि ही भूमी दिली, असा त्याचा आशय. या निवेदनातील सर्वनामांचा प्रवास विलक्षण आहे. आरंभ ‘तो’ने होतो, छळाचा उल्लेख येताक्षणी ‘आम्ही’ येते, आणि दहाव्या वचनात टोपली पुढे करताना ‘मी’. गुलामीनंतर कितीतरी पिढ्यांनी जन्मलेला शेतकरी, ज्याने मिसर पाहिलेला नाही, छळ ‘आमचा’ म्हणून सांगतो.

पूर्वजासाठी वापरलेले ‘ओबेद’ हे हिब्रू विशेषण भटकणारा, हरवलेला, नाशाच्या उंबरठ्यावरचा अशा अनेक छटा सुचवते. प्राचीन वाचकांनाही ते सरळ वाटलेले नाही. वल्हांडणाच्या रात्री ज्यू घरांत वाचल्या जाणाऱ्या हग्गादात आणि जेरोमच्या लॅटिन भाषांतरात वाक्याची रचनाच बदलते. तेथे अरामी म्हणजे लाबान, आणि तो ‘माझ्या पित्या’चा म्हणजे याकोबाचा छळ करणारा ठरतो. एका वाचनात पूर्वज स्वतःच परका व निराधार आहे. दुसऱ्यात परका हा शत्रू आहे. आपल्या मूळ पुरुषाला परकीय म्हणवून घेणे नंतरच्या पिढ्यांना अवघड गेले असावे, असा तर्क अभ्यासक करतात. लाजिरवाणा वाटणारा पूर्वज झाकण्याची ही प्रवृत्ती पुढील विवेचनात पुन्हा भेटणार आहे.

या पाच वचनांना ‘लघु ऐतिहासिक विश्वासांगीकार’ ही ओळख जर्मन अभ्यासक गेरहार्ड फॉन राड यांच्या १९३८च्या प्रबंधाने मिळाली. रूपबंध-चिकित्सेच्या आधारे त्यांनी असे प्रतिपादन केले की, बायबलमधील पहिल्या सहा ग्रंथांचा प्रचंड विस्तार अशाच एका उपासनेतील उच्चाराभोवती वाढलेला आहे. सीनाय पर्वतावरील नियमशास्त्राचा उल्लेख येथे नाही, याकडेही त्यांनी लक्ष वेधले. सिद्धान्ताचा तपशील बाजूला ठेवला तरी त्यामागील दृष्टी महत्त्वाची होती. श्रद्धेचा गाभा हा सिद्धान्तांची यादी नसून सांगितलेला इतिहास आहे, आणि तो सांगणारा समाज त्या सांगण्यातूनच समाज म्हणून घडतो. विश्वासांगीकार आकाशातून पडत नाही. त्याला प्रसंग असतो, बोलणारा असतो, श्रोता असतो.

निर्मल यांनी १९९०च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात या अंगीकाराला दलित ईश्वरविज्ञानाचा नमुना मानले. तोवर ते चेन्नईच्या गुरुकुल लुथरन महाविद्यालयात दलित ईश्वरविज्ञान विभागाचे काम पाहत होते. अरामी पूर्वजाच्या जागी त्यांनी आपला दलित पूर्वज ठेवला, आणि लगेच दोघांतील फरकही नोंदवला. भटक्या अराम्याला निदान हिंडण्याचे स्वातंत्र्य होते, ते या पूर्वजाला नव्हते. कमरेला बांधलेली फांदी त्याच्या पावलांचे ठसे पुसत जाई, गळ्यातले मडके त्याची थुंकी झेलत असे. या प्रतिमा मराठी वाचकाला अपरिचित नाहीत. पेशवाईतील पुण्याविषयीच्या याच आठवणी डॉ. आंबेडकरांनी १९३६ साली जातिनिर्मूलनावरील आपल्या न झालेल्या भाषणात नमूद केल्या होत्या. पुण्याच्या रस्त्यावरची स्मृती हिब्रू उपासनेच्या साच्यात ओतली जाते, तेव्हा तिचे केवळ स्थलांतर होत नाही. छळाची नोंद देवापुढे केलेल्या निवेदनाचा भाग बनते, आणि ती सांगणे हे कमीपणाचे न राहता उपासनेचे पहिले वाक्य ठरते. ‘जे राष्ट्र नव्हते’ ते देवाचे लोक झाले, या पेत्राच्या पहिल्या पत्रातील विचाराशी निर्मल ते जोडतात. कृतीपूर्वी वेदना येते आणि देवाचे ज्ञान वेदनेतच होते, हे त्यांचे सूत्र याच वाचनातून उभे राहते.

येथे चिकित्सेचे योगदान कोणते? पाच वचने मोशेच्या तोंडून एकदाच आणि सर्वकाळासाठी निघालेली आहेत असे मानणारा वाचक त्यांच्यावर प्रेम करील, त्यांचे पाठांतर करील, पण त्यांच्या घडणीचा वापर करून स्वतःचा अंगीकार रचण्याचे धाडस त्याला सहसा होणार नाही. उपासक समाजाने आपल्या स्मृतीतून हा साचा घडवला, हे कळल्यावर तो साचा दुसऱ्या समाजालाही खुला होतो.

पण विद्वानांचे निष्कर्ष बदलतात, आणि या बाबतीत ते बदललेही. लेओनहार्ड रोस्ट यांनी १९६५ साली दाखवून दिले की, या वचनांची भाषा प्राचीन नसून बव्हंशी ‘अनुवाद’कारांच्याच शैलीची आहे. म्हणजे फॉन राड यांनी ज्याला बीज मानले ते प्रत्यक्षात उशिरा केलेले सार ठरण्याची शक्यता बळावली. श्रद्धा एखाद्या गृहीतकावर उभी केली आणि ते कोसळले तर काय, ही शंका येथे रास्तच आहे. मात्र नीट पाहिल्यास निर्मल यांच्या वाचनाला रोस्ट यांच्या निष्कर्षाने धक्का लागत नाही, उलट आधार मिळतो. अंगीकार उशिराचा असेल, तर शतकांपूर्वीचा छळ ‘आम्ही’ या सर्वनामात घेणारे लोक मिसरपासून अधिकच दूरचे ठरतात. पूर्वजांचे दुःख आपले म्हणून उच्चारणे हा मग मूळ घटनेचा उरलेला प्रतिध्वनी नसतो; ती जाणीवपूर्वक केलेली निवड असते.

ग्रंथाचे मराठी नावही येथे अर्थपूर्ण ठरते. ग्रीक नावाचा अर्थ ‘दुसरे नियमशास्त्र’. मराठी बायबलने त्याला ‘अनुवाद’ म्हटले. आज या शब्दाचा अर्थ भाषांतर असा रूढ असला तरी मीमांसेच्या परिभाषेत आधी ज्ञात असलेल्याचे पुनःकथन म्हणजे अनुवाद. मीमांसकांच्या मते विधीला जे स्वतंत्र प्रामाण्य असते ते अनुवादाला नसते. बायबलमधील ‘अनुवाद’ मात्र पुनःकथनालाच विधी बनवतो : टोपली आणा, आणि मग सांगा. या एका नावात दोन शास्त्रपरंपरा समोरासमोर येतात. तौलनिक अभ्यासाला येथे बरेच काम शिल्लक आहे.

चिकित्सा परवानगी देते तशी अडवणूकही करते. अंगीकाराची सांगता भूमीच्या देणगीने होते, आणि ती भूमी रिकामी नव्हती. मूळ अमेरिकी वंशाचे अभ्यासक रॉबर्ट ॲलन वॉरियर यांनी १९८९ साली विचारले की, निर्गमाची कथा मुक्तीचा नमुना म्हणून वाचताना कनानी लोकांच्या बाजूने ती कोण वाचणार? निर्मल यांनी या अडचणीवर आपल्या परीने मार्ग काढला : मुक्ती हेच साध्य, भूमी ही वरकड प्राप्ती. हा मार्ग धार्मिक दृष्ट्या सुसंगत असला तरी संहितेच्या दृष्टीने तो थोडा तोकडा वाटतो. कारण संपूर्ण विधी जमिनीच्या उत्पन्नाभोवती आहे, आणि हातात टोपली असलेला माणूस जमीनधारक आहे. महाराष्ट्रात महार वतनांसह कनिष्ठ गाववतने रद्द करणारा कायदा १९५८चा; त्यापूर्वी आणि त्यानंतरही जमिनीचा प्रश्न दलितांच्या दृष्टीने ‘वरकड’ कधीच नव्हता. अधिक चांगला धागा संहितेतच आहे. अंगीकारानंतर लगेच, अकराव्या वचनात, उपऱ्याला आनंदात सहभागी करून घेण्याची आज्ञा येते, आणि बाराव्यात लेवी, उपरा, पोरका व विधवा यांच्या वाट्याचा दशमांश. ज्याचा पूर्वज उपरा होता त्याने दाराशी असलेल्या उपऱ्याला जेवू घालावे, ही या अध्यायाची खरी सांगता. निर्मल यांचे वाचन तेथपर्यंत नेले असते तर भूमीची गाठ अधिक सैल झाली असती.

दुसरी अडवणूक अधिक नाजूक आहे. येशू स्वतः दलित होता असे निर्मल प्रतिपादतात. मत्तयाच्या वंशावळीतील तामार व राहाब, जकातदारांसोबतचे जेवण, मंदिराचे शुद्धीकरण आणि क्रूस हे त्यांचे आधार. मंदिर-शुद्धीकरणाच्या प्रसंगी ते विदेशी उपासकांच्या हक्काकडे लक्ष वेधतात आणि भारतातील मंदिरप्रवेशाशी त्याची सांगड घालतात. या सांगडीला पाठाचा आधार आहे. यशयातून घेतलेल्या अवतरणातील ‘सर्व राष्ट्रांसाठी’ हा अंश फक्त मार्क राखतो. मत्तय व लूक तो गाळतात. १९३०च्या काळाराम मंदिर सत्याग्रहाची आठवण असलेल्या वाचकाला मार्कचे हे दोन शब्द वेगळेच ऐकू येतात. पण सोवळ्या-ओवळ्याच्या नियमांची तुलना करताना सावध राहावे लागते. लेवीय ग्रंथातील विटाळ हा तात्पुरता, स्नानाने वा कालावधीने जाणारा आणि याजकापासून शेतकऱ्यापर्यंत सर्वांना लागणारा आहे. तो जन्माने चिकटत नाही. ई. पी. सँडर्स आणि त्यांच्यानंतर एमी-जिल लेव्हाइन यांच्यासारख्या अभ्यासकांनी पहिल्या शतकातील यहूदी धर्माविषयीचे ख्रिस्ती पूर्वग्रह उघड केले आहेत. येशूला जातिविरोधी ठरवण्यासाठी यहुद्यांना ‘ब्राह्मण’ ठरवणे म्हणजे एका समाजाच्या न्यायासाठी दुसऱ्यावर अन्याय करणे होय. साम्य ओढूनताणून दाखवण्यापेक्षा फरक स्पष्ट सांगितला तर भारतीय अस्पृश्यतेचे जन्माधिष्ठित क्रौर्य अधिकच उघडे पडते.

या दृष्टीने पुण्याच्या ज्ञानदीप विद्यापीठातील येशूसंघीय अभ्यासक जॉर्ज सोआरेस-प्रभू (१९२९–१९९५) यांचे वाचन अधिक भक्कम पायावर उभे आहे. मत्तयाच्या जन्मकथनावरील त्यांचा ग्रंथ युरोपीय चिकित्सापद्धतीत पारंगत असलेल्या अभ्यासकाचा आहे. आणि तीच पद्धती भारतीय वाचकाचे प्रश्न विचारत नाही, ही टीकाही त्यांचीच. येशूच्या पंक्तिभोजनाचा दलित ख्रिस्ती समाजासाठी काय अर्थ आहे, यावर १९९२ साली त्यांनी लिहिलेल्या निबंधात वंशावळीपेक्षा कृती केंद्रस्थानी आहे. ‘रोटीव्यवहार’ हा शब्द असलेल्या भाषेत पंक्तीचा प्रश्न किती मूलभूत आहे, हे समजावून सांगण्याची गरज नाही. यास गलतीकरांस पत्रातील अंत्युखियाचा प्रसंग जोडून पाहावा. यरुशलेमहून माणसे येताच पेत्र विदेशी बांधवांच्या पंक्तीतून उठतो, आणि पौल त्याला सर्वांसमक्ष सुनावतो. तमिळनाडूत काही ठिकाणी ख्रिस्ती दफनभूमीतही जातीची भिंत आढळते. ती पाहता, नव्या करारातील हा सर्वांत जुन्या भांडणांपैकी एक प्रसंग प्रवचनांत क्वचितच का येतो, हा प्रश्न पडल्याशिवाय राहत नाही.

आधुनिक जीवनाशी या साऱ्याचा संबंध सर्वांत थेट येतो तो कायद्याच्या क्षेत्रात. संविधान (अनुसूचित जाती) आदेश, १९५० याच्या तिसऱ्या परिच्छेदाने अनुसूचित जातीचे सदस्यत्व प्रथम हिंदूंपुरते मर्यादित केले. १९५६ साली शीख आणि १९९० साली बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती व मुस्लिम बाहेरच राहिले. ही अट काढून टाकावी अशी शिफारस रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ साली केली. ऑक्टोबर २०२२ मध्ये माजी सरन्यायाधीश के. जी. बाळकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली पुन्हा आयोग नेमण्यात आला. धर्म बदलला की जात उरत नाही, असे या आदेशामागील गृहीतक आहे. चर्चमध्येही हेच गृहीतक वेगळ्या भाषेत नांदत आले : बाप्तिस्म्यानंतर मागचे विसरावे. राज्यसंस्था आणि धर्मसंस्था यांची ही एकवाक्यता ‘अनुवाद’ २६च्या पूर्ण विरोधात जाते. तेथे वचनदत्त भूमीत पोहोचल्यावर, पीक हाती आल्यावर, मूळ पुरुष कोण होता हे दर वर्षी मोठ्याने सांगायचे असते. मुक्त झालेल्याने विसरू नये, हीच मुक्तीची अट आहे. अरामी पूर्वजाला छळणारा शत्रू बनवून स्वतःला त्याच्यापासून सोडवून घेणारे प्राचीन वाचक आणि आडनावे बदलून मूळ गाव लपवणारी आजची ख्रिस्ती कुटुंबे यांच्यात अंतर फार नाही. दोष मात्र कुटुंबांचा नव्हे. सांगण्याची किंमत त्यांना नोकरीत, भाड्याच्या घरात आणि सोयरिकीत मोजावी लागते.

या ईश्वरविज्ञानाचा प्रत्यक्ष उपयोग किती झाला, हा प्रश्न त्याच परंपरेतून विचारला गेला. बंगळूरच्या याच महाविद्यालयाशी संबंधित असलेले पेनियल राजकुमार यांनी २०१०च्या ग्रंथात निर्गमाच्या नमुन्याची मर्यादा दाखवून शुभवर्तमानांतील आरोग्यदानाच्या कथांकडे वळावे असे सुचवले. ही चर्चा अर्थातच इंग्रजीत झाली. मराठी मंडळीपर्यंत ती पोहोचायची तर भाषेचा प्रश्न टाळता येत नाही. त्याची जाणीव ज्यांना प्रखरपणे होती त्यांत पंडिता रमाबाई अग्रणी. संस्कृतच्या जाणकार असूनही त्यांनी हिब्रू व ग्रीकमधून भाषांतर करताना संस्कृतप्रचुर शब्द दूर ठेवले. केडगावच्या मुक्ती मिशनमधील स्त्रियांनी खिळे जुळवून ते छापले. रमाबाई १९२२ साली वारल्या, संपूर्ण बायबल १९२४ साली बाहेर आले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो (निधन २०२४) यांच्या ‘सुबोध बायबल’ला २०१३चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला, आणि ख्रिस्ती समाजाबाहेरच्या मराठी वाचकांनीही ते आपले मानले. पण निर्मल यांचा अंगीकार मराठी उपासनेच्या पुस्तकात शिरलेला नाही. कापणीच्या उपकारस्तुतीला गावोगावच्या मंडळ्यांत बाजरीची कणसे, भोपळे, गुळाच्या ढेपा वेदीपुढे मांडल्या जातात आणि उपासनेनंतर त्यांचा लिलाव होतो. टोपली तेथे आजही येते. टोपली ठेवताना म्हणायचे ते पाचवे वचन मात्र पाळक वाचून दाखवतो, टोपली आणणारी बाई ते उच्चारत नाही.